धक्का, किक आणि सेल्फ

मराठी माणूस बंद पडलेल्या गाडीकडे निर्जीव वस्तू म्हणून कधीच पाहत नाही. त्याच्या लेखी गाडी रुसते, अडते, आचके देते, मान टाकते. आणि मोठ्या मिनतवारीने पुन्हा चालू झाली की तिच्यात आधी धुगधुगी येते, मग ती कण्हते आणि शेवटी धडधडू लागते. यांतला एकही शब्द इंजिनासाठी जन्माला आलेला नाही. रुसणे माणसाचे, अडणे बैलाचे, आचके मरणाऱ्याचे. आणि धुगधुगी तर छातीवर कान ठेवून ऐकायची गोष्ट. इंजिन आपल्याकडे परदेशातून आले, पण त्याच्या दुखण्याखुपण्याला नावे मिळाली ती आपल्या गोठ्यातून आणि माजघरातून.

पुढे वाहतूक उलट्या दिशेने सुरू झाली. माणसाचे शब्द इंजिनाकडे गेले होते, ते इंजिनाचे होऊन माणसाकडे परतू लागले. धंद्याने ‘पिकअप’ घेतला, म्हाताऱ्याची ‘बॅटरी डाऊन’ झाली, नव्या सुनेने घराचा ‘गिअर’ बदलला, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चहाचा पेला रिचवूनही चिरंजिवांना ‘किक बसेना’. ही भाषा मी चिंचवडच्या रस्त्यावर रोज ऐकतो. शाळेत मराठी शिकवणे आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणे हे माझे दोन उद्योग. इंजिनाचे शास्त्र मी पुस्तकातून शिकलेलो नाही, गॅरेजच्या बाकड्यावर बसून शिकलो. परंतु पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बंद इंजिन पुन्हा चालू करण्याचा इतिहास सांगण्याचा थोडासा अधिकार आहे, असे मला वाटते.

आमच्या भागाने पहिले इंजिन पाहिले ते वाफेचे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली चालू झाला आणि मोरया गोसाव्यांच्या चिंचवडजवळून धूर सोडणारी गाडी धावू लागली. वाफेच्या इंजिनाचा एक गुण असा की, त्याला कोणी ढकलून सुरू करावे लागत नाही. बाष्पपात्रात दाब साठलेला असतो. चालकाने दांडा ओढला की ती वाफ सिलिंडरात शिरते आणि उभे इंजिन आपले आपण चालू लागते. बोरघाटात गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. कर्जतच्या फलाटावर वडे खाणाऱ्या प्रत्येक पुणेकराने त्यांच्या जोडणीचा हिसका अनुभवलेला आहे. पण ते ढकलणे चढापुरते, ३७ फुटांना एक फूट चढणाऱ्या घाटापुरते. गाडी मेली म्हणून नव्हे.

पेट्रोलच्या इंजिनाची जात निराळी. फिरण्यासाठी त्याला आधी फिरावे लागते! आत दट्ट्या खाली गेला तरच पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ओढले जाते. वर आला तरच ते दाबले जाते. दाबले गेले तरच ठिणगीचा उपयोग. आणि ठिणगी पडून स्फोट झाला तरच दट्ट्या खाली जातो. म्हणजे पहिल्या फेरीसाठी शक्ती हवी, आणि शक्ती तर पहिली फेरी झाल्यावर निर्माण व्हायची. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातला प्रकार. हा पेच सोडवायला बाहेरून कोणीतरी हात, पाय किंवा खांदा लावावाच लागतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा एवढी तापते की फवारलेले तेल तिच्यात आपोआप पेटते. पण दाबायला फिरवणे आलेच.

हात आधी आला. मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून ते गरगर फिरवायचे. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला आणि पुढे विहिरीविहिरींवर डिझेल इंजिने आली. ती चालू करण्याची रीत खेड्यातल्या पोरासोरांना पाठ असे: वरची खिट्टी उचलून झडप उघडी ठेवायची, म्हणजे आत दाब होत नाही आणि हँडल हलके फिरते, जड चाकाने वेग घेतला की खिट्टी पाडायची, चाकाच्या नेटाने पहिला दाब बसतो आणि इंजिन ‘टुक’ करते. त्या पहिल्या ‘टुक’साठी कितीतरी शेतकऱ्यांनी श्वास रोखून धरला असेल. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही, हा त्यातला पहिला धडा. इंजिन कधी उलटे बसते, हँडल झटका देऊन मागे येते आणि आवळलेला अंगठा किंवा मनगट घेऊन जाते.

हे मोडणारे मनगट वाचवले ते अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. हा गृहस्थ पूर्वी दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कंपनीत होता आणि गल्ल्याचा खण विजेच्या मोटारीने उघडेल अशी युक्ती त्याने काढली होती. गल्ल्याची मोटार दिवसभर चालायची नसते. क्षणभरच जोर लावायचा असतो. मग लहानशा मोटारीकडूनही तेवढ्यापुरते मोठे काम करून घेता येते. हेच तत्त्व त्याने मोटारगाडीला लावले. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत हा ‘सेल्फ-स्टार्टर’ बसवलेला आला. आपण त्यातला ‘स्टार्टर’ टाकून दिला आणि नुसता ‘सेल्फ’ ठेवला. ‘गाडी सेल्फ घेत नाही’ हे वाक्य इंग्रजी जाणणाऱ्या परक्या माणसाला सांगून पाहा. तो तुम्हांला तत्त्वज्ञ समजेल.

आमच्या पट्ट्यात मात्र हाताचेही नाही आणि सेल्फचेही नाही, राज्य होते ते पायाचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पियाज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाला होता. लोकांना स्वस्त वाहन हवे होते. कोराडिनो दास्कानियो नावाच्या अभियंत्याला ते काम दिले गेले; त्याचा जीव हेलिकॉप्टरमध्ये होता आणि मोटारसायकली त्याला मनापासून आवडत नसत. म्हणूनच की काय, त्याने मोटारसायकलीसारखे न दिसणारे दुचाकी वाहन काढले. १९४६ साली ती ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी, बाजारात आली. बजाज मंडळींनी आधी या गाड्या बाहेरून आणून विकल्या. १९५९ साली सरकारी परवाना मिळाल्यावर पियाज्जोशी करार करून त्या इथे बनवायला घेतल्या, आणि आकुर्डीच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास आजूबाजूचे चित्रही पालटत होते. पिंपरीला सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासूनच होते. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोची स्थापना १९५८ ची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. आणि त्या दशकाच्या मध्यावर टेल्को आली. ज्वारी-बाजरीच्या शिवारात भोंगे वाजू लागले. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका. एका माणसाच्या अर्ध्या आयुष्यात चार खेड्यांचे महानगर झाले.

१९७१ साली पियाज्जोशी करार संपला. त्यानंतर आलेल्या स्कूटरला नाव मिळाले ‘चेतक’, राणा प्रतापाच्या घोड्याचे. हळदीघाटात १५७६ साली जखमी पायाने धन्याला रणातून बाहेर काढणारा हा घोडा आपण शाळेत शिकतो. घोड्याचे नाव दिलेले हे वाहन टाच मारूनच चालू करावे लागे, हा योग मला फार आवडतो. परवाने आणि कोटा यांच्या त्या काळात गाडीसाठी पैसे भरून माणसे वर्षानुवर्षे थांबत; नोंदणी केली तेव्हा अविवाहित असलेला तरुण गाडी हाती येईपर्यंत दोन मुलांचा बाप झालेला असे. म्हणून चेतक ही नुसती गाडी नव्हती, ती मध्यमवर्गीय घरातली एक बढती होती. वर्षाला एक लाख गाड्या विकण्याचा टप्पा कंपनीने १९७७ साली गाठला आणि १९८६ पर्यंत तो आकडा पाच लाखांवर गेला.

आणि या लाखो गाड्या रोज सकाळी लाखो उजव्या पायांनी जाग्या होत. आता ज्यांनी त्या काळच्या स्कूटरला किक मारलेली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पण या अंकाचे काही वाचक नुसते बटण दाबणारे असतील, त्यांच्यासाठी सांगतो. ही इंजिने टू-स्ट्रोक. त्यांच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे, आणि ते तेल जळून प्लगावर काजळी धरे. थंडीच्या दिवसांत गाडी रात्रभर बाहेर राहिली की सकाळी किक नुसतीच भस्सकन खाली जाई. मग पहिला उपाय चोक ओढण्याचा. दुसरा प्लग काढून, काचकागदाने घासून, फुंकर मारून परत बसवण्याचा. त्यासाठी सीटखाली पाना आणि फडके कायम ठेवलेले असे. आणि या दोहोंच्या मधला, कोणत्याही पुस्तिकेत न दिलेला पण सगळ्या देशाला ठाऊक असलेला उपाय म्हणजे गाडी एका अंगावर आडवी करणे. हँडल धरून स्कूटर जमिनीकडे कलवायची, दोन-चार सेकंद तशीच ठेवायची आणि पुन्हा उभी करून किक मारायची. असे केल्याने टाकीच्या तळाचे पेट्रोल नळाच्या तोंडाशी येते, कार्ब्युरेटरातला तरंगा हलतो आणि नेहमीपेक्षा चार थेंब अधिक आत जातात, असे जुने मेकॅनिक सांगतात. थोडक्यात, दातखीळ बसलेल्या माणसाला मान वळवून औषध पाजण्याचाच हा प्रकार. पण पाहणाऱ्याला वाटे की हा मनुष्य गाडीला नमस्कार घालायला लावतो आहे.

आमच्या घरीही एक जुनी स्कूटर होती. वडील पहिल्या शिफ्टला जात तेव्हा पहाटे साडेपाचला अंगणात किकांचा आवाज सुरू होई आणि आई चुलीपाशी बसून तो मोजत असे. चारपर्यंत ती काही बोलत नसे. सातव्या किकेनंतर ती आम्हां भावंडांना म्हणे, “उठा रे, दादांची गाडी अडली.” आम्ही डोळे चोळत बाहेर येईपर्यंत शेजारचे काका बनियनवरच येऊन उभे असत. वडील सेकंड गिअर टाकून क्लच दाबून धरत, आम्ही मागून ढकलत पळत सुटायचो, आणि ते क्लच सोडताच गाडी एक गचका खाऊन बंबासारखा धूर सोडत निघून जायची. त्यांना थांबून निरोप घेण्याची सोय नसे. थांबले तर ती पुन्हा मरायची. धूर विरेपर्यंत काका आणि आम्ही रस्त्याच्या मध्ये उभे. मग काका म्हणत, “गेला बाबा एकदाचा,” आणि दात घासायला जात.

धक्का स्टार्ट म्हणतात तो हाच. एरवी इंजिन चाकाला फिरवते, इथे चाक इंजिनाला फिरवते, एवढाच फरक. जुन्या स्कूटरमध्ये फ्लायव्हील फिरले की मॅग्नेटोतून ठिणगीपुरता करंट तयार होई, त्यामुळे बॅटरी नसली तरी चालत असे. फक्त माणसे हवीत. आणि माणसे मिळत. आकुर्डी-निगडीच्या वसाहतींत कोणाची गाडी बंद पडली आणि ढकलायला कोणी आले नाही, असे त्या काळी सहसा घडत नसे.

‘धक्का’ हा शब्दच मराठीत मोठा गमतीचा आहे. मनाला बसतो तोही धक्का आणि गाडीला देतो तोही धक्का. एकाने माणूस थिजतो, दुसऱ्याने गाडी सुटते. बोट लागते तोही धक्का, भाऊच्या धक्क्यासारखा. म्हणून रखडलेले काम तडीस नेण्याला आपण ‘धक्क्याला लावणे’ म्हणतो. वर्गात मी मुलांना या शब्दाचे वाक्यात उपयोग विचारतो. पूर्वी निम्मी मुले गाडीचा धक्का लिहीत. आता बहुतेक सगळी मानसिक धक्का लिहितात. रिक्षावाले इंजिन चालू करायला खालची दांडी ओढत, हे सांगितल्यावर एकाने विचारले, “सर, मग दांडी मारणे त्यावरूनच आले का?” नाही म्हटले, पण हा मुलगा पुढे लेखक होईल अशी मला आशा आहे.

शब्दांचा विषय निघाला आहे तर ‘बंद’विषयीही बोलले पाहिजे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. गाडी बंद पडते. बाजार बंद ठेवतात. संप करून काम बंद पाडतात. पुढारी ‘बंद’ची हाक देतात आणि लोक तो पाळतात. आणि एखादी गोष्ट कोणीतरी बंद करतो. शब्द एक, क्रियापदे पाच, आणि प्रत्येकात करणारा वेगळा. यांतल्या ‘बंद पडणे’ या प्रयोगात करणारा कोणीच नसतो. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, तशी गाडी बंद पडते. म्हणूनच माणसांनी विचार करून घेतलेल्या निर्णयालाही ‘बंद पडणे’ म्हणणे फार सोयीचे जाते.

नव्वदच्या दशकात वारे फिरले. लोकांना मोटारसायकल हवी झाली, धुराविषयी नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक स्कूटरचे दिवस भरले. बजाजने चाकणला नवा कारखाना काढून २००१ साली ‘पल्सर’ मोटारसायकल आणली, आणि डळमळलेली कंपनी सावरली. त्याच सुमारास शेजारच्या टेल्कोचीही गाडी अडली होती. १९९८ च्या अखेरीस तिने ‘इंडिका’ आणली, आणि २०००-०१ या वर्षी ५०० कोटी रुपयांचा तोटा सोसला. तोवर भारतातल्या कोणत्याही खासगी कंपनीने एवढा तोटा क्वचितच पाहिला असेल. दोनतीन वर्षांत ती त्यातून बाहेर आली. वर्तमानपत्रांनी या दोन्ही कथा ‘पुन्हा वेग घेतला’, ‘गाडी रुळावर आली’ अशा शब्दांत मोठ्या उत्साहाने सांगितल्या, आणि त्या खऱ्याही होत्या.

पण चाकणची किक बसली तेव्हा आकुर्डीचा पाय उचलला जात होता. चेतकचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले. सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीने आकुर्डीतले वाहन-उत्पादनच थांबवले. जकात आणि इतर करांमुळे इथे गाडी बनवणे महाग पडते, आणि उत्तराखंडात पंतनगरला करांची सवलत आहे, असा हिशेब होता. हिशेब म्हणून तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. गाडी विकून कारखाना चालवणाऱ्याला रुपया-आणा पाहावाच लागतो. कामगारांची संख्या अडीच हजारांहून अधिक होती. त्यांनी आंदोलने केली, वाटाघाटी झाल्या, आणि अखेर स्वेच्छानिवृत्ती आली. हाही एक असाच सोयीचा शब्द. पुढे २००९ च्या डिसेंबरात स्कूटर बनवणेच सोडून देत असल्याची घोषणा झाली, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचे उघड सांगितले होते. आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच ज्यांनी संसार थाटला होता, त्या माणसाला वाईट वाटणारच.

त्या वर्षांत ‘आकुर्डीचा कारखाना बंद पडला’ असे लोक बोलत. मला ते क्रियापद तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. यंत्रे धडधाकट होती, माणसेही धडधाकट होती.

कारखाना सुटलेला मनुष्य कसा असतो हे मी शाळेत पाहिले आहे. कोणत्या कारखान्यातला ते सांगण्याचे कारण नाही. एका विद्यार्थ्याचे वडील पंचेचाळिशीत घरी बसले होते. मिळालेल्या पैशात थोरल्या मुलीचे लग्न झाले आणि उरलेल्यात त्यांनी टेम्पो घेतला. पालकसभेला आले म्हणजे ते माझ्याशी मुलाच्या अभ्यासाविषयी कमी आणि मशिनविषयी जास्त बोलत. वीस वर्षे एकाच लेथवर काम केले होते; पाते बोथट झाले की आवाजावरून कळायचे, म्हणाले. मी त्यांना धीर द्यायला म्हटले, “होईल सगळे सुरळीत, एक किक बसली की झाले.” ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, किक मारायला गाडी आपली लागते.”

या वाक्यानंतर ‘अर्थव्यवस्थेला चालना’ हे शब्द मी पूर्वीसारखे वाचू शकलो नाही. इंग्रजी वर्तमानपत्रे मोटारसायकलीवरून ‘किक-स्टार्ट’ म्हणतात, किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून इंजिन उठवतात त्यावरून ‘जंप-स्टार्ट’ म्हणतात. तिथे निदान पाय दिसतो, वायर दिसते. आपली ‘चालना’ फार सभ्य. ती कोणी दिली, कोणाच्या खांद्याने दिली, गाडी सुटल्यावर ढकलणारा कुठे राहिला, यांतले काहीच तिच्यात दिसत नाही.

२०२० सालच्या मार्चमध्ये तर सगळेच थांबले. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली आणि या पट्ट्यात माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच रात्री शांतता पडली. शिफ्टच्या बसगाड्या नाहीत, प्रेसचा दणका नाही. मोशीच्या बाजूने कोल्हे ऐकू येतात असे लोक सांगू लागले. मी ऐकले नाहीत, पण विश्वास ठेवायला तयार होतो. मे महिन्यात कारखाने हळूहळू उघडू लागले, आणि तेव्हाच लोकांच्या ध्यानात आले की खोल्या रिकाम्या आहेत. चाकण आणि भोसरीच्या पत्र्याच्या चाळींतून बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची आणि आपल्या मराठवाड्याची माणसे गावाकडे निघून गेली होती. काही श्रमिक गाड्यांनी, काही ट्रकांनी, काही पायी. उद्योगाची चाके फिरवायची तर आधी माणसे हवीत, हे त्या महिन्यात कारखानदारांनाही बोलून दाखवावे लागले. वीज होती, कच्चा माल होता, मागणीही पुढे आली. पण पहिली फेरी द्यायला हात नव्हते. ठेकेदारांनी गावोगाव फोन लावले. परतलेल्यांपैकी काहींना जुनी खोली मिळाली, काहींची दुसऱ्याला दिलेली होती.

याच्या थोडे आधीच एक नवल घडले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक परत आली, पण विजेवर. आधी ती चाकणला बनू लागली. पुढे १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जयंतीला, त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी, आकुर्डीला विजेच्या चेतकसाठी वर्षाला पाच लाख गाड्यांच्या क्षमतेचा नवा कारखाना सुरू झाला. ज्या आवारातून वाहने बाहेर पडणे २००७ साली थांबले होते, तिथून ती पुन्हा बाहेर पडू लागली. पियाज्जोची व्हेस्पाही तोवर बारामतीत तयार होऊ लागली होती, म्हणजे जुने दोन भागीदार पुणे जिल्ह्यातच पुन्हा शेजारी आले. कादंबरीत मी असा योग घातला असता तर संपादकांनी तो अतिरंजित म्हणून छाटला असता.

विजेच्या मोटारीला पहिल्या फेरीचा पेच नाही. वाफेच्या इंजिनाप्रमाणे ती उभ्या जागेवरून पूर्ण जोराने निघते. तिला प्लग नाही, चोक नाही, किक नाही; आडवी केली तर ती आडवीच होईल. दीडशे वर्षांचा फेरा मारून आपण पुन्हा धक्का न लागणाऱ्या यंत्रापाशी आलो आहोत. शब्द मात्र राहिले. ज्यांनी जन्मात किक मारलेली नाही अशी माझ्या वर्गातली पोरे “सर, आज किक बसत नाहीये” असे म्हणून निबंधाची वही मिटतात. पूर्वी शाळेत ‘चार्ज’ म्हणजे हेडमास्तर रजेवर गेले की दुसऱ्याने घ्यायचा तो. आता मधल्या सुटीत डबा खाऊन मुले ‘चार्ज’ होतात. बैलाचे ‘अडणे’ मोटारीला चिकटून टिकले, तशी ही ‘किक’ही बहुधा टिकेल.

तरीही विजेची गाडी बंद पडतेच. बॅटरी संपली की ती मुकाट्याने उभी राहते. ट्रक बिघडला तर साखळी लावून ओढून नेतात, त्याला ड्रायव्हर लोक ‘टोचन’ म्हणतात. इंग्रजी ‘टो-चेन’चे हे इतके अस्सल देशीकरण आहे की मी कितीतरी वर्षे तो ‘टोचणे’वरूनच आला असे समजणाऱ्या माणसांशी वाद घालत आलो आहे. दुचाकीला साखळी लागत नाही. नाशिक रस्त्यावर मोशीपासून चाकणकडे जाताना दुसऱ्या शिफ्टच्या वेळी हे दृश्य नेहमी दिसते: पुढे बंद पडलेली विजेची स्कूटर, तिच्यावर हँडल घट्ट धरून बसलेला एकजण, आणि मागून जुन्या मोटारसायकलवर दुसरा, आपला उजवा पाय तिच्या मागच्या बाजूला टेकवून तिला रेटत नेणारा. दोघांच्याही गळ्यात कंपनीची ओळखपत्रे, बहुतेक वेगवेगळ्या कंपन्यांची. वाटेत ते ओरडून एकमेकांशी बोलत असतात: गाव कोणते, कुठल्या ठेकेदाराकडे, खोलीचे भाडे किती. चार्जिंगची जागा येईपर्यंत दोन-तीन मैल हे चालते.